वाडीतली कॅराव्हॅन आणि तिचे टायर: गुहागरच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

दादाने, म्हणजे माझ्या आत्येभावाने, शेवटी जुनी कॅराव्हॅन घेतलीच. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे घोळत होतं. एका ॲक्सलची, दोन चाकांची, बोलेरोमागे ओढायची गाडी. दिवाळीपासून मेपर्यंत पाहुण्यांसाठी माडांच्या सावलीत उभी राहणार, मधूनच बाहेर निघणार. कागदपत्रं आणि आतलं सुतारकाम दादाकडे, चाकं माझ्याकडे. त्यामुळे या वहीत फक्त चाकांचं.

आज वाडीत जो जो आला तो टायरवरून हात फिरवून गेला. "नक्षी बघा की! नवेच आहेत, अजून चार वर्षं काढतील." नक्षी खरंच भरपूर आहे. खाचांतली १.६ मिलिमीटरची खूण, जिथे पोचल्यावर टायर कायद्याने बाद होतो, ती बरीच खाली आहे. पण मी बॅटरी घेऊन खाली आडवा झालो आणि बाजूवर कोरलेल्या डॉट या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले, त्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि साल असतं. डाव्यावर ३११६, म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. उजव्यावर ०८१८, २०१८ चा आठवा. स्टेपनीवर ४५१२! स्टेपनी जन्माला आली तेव्हा दादाचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

हे आकडे टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतात. ती बाजू आत बसवली असेल तर गाडीखाली शिरल्याशिवाय वय कळत नाही. उजव्याचं तसंच होतं.

रोज पळणाऱ्या गाडीचा टायर झिजून बाद होतो, उभ्या गाडीचा वाळून. रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, आणि ते पृष्ठभागावर येत राहतात. हवेतल्या ओझोनपासून रबर वाचतं ते त्यामुळे. महिनोन्महिने उभ्या टायरचं मेण वर येतच नाही. त्यात आपल्याकडचं ऊन. कॅराव्हॅनवाल्यांची रीत अशी की पाच वर्षं झाली की बदलायला काढायचे आणि सातच्या पुढे जायचंच नाही, नक्षी कितीही असो. तिन्ही बाद.

९ ऑक्टोबर

नवे टायर कुठले घ्यायचे, याचा वाद दुकानात नाही, वजनकाट्यावर मिटवायचा असं ठरवलं. दादाचं म्हणणं, "आहेत तेच माप घेऊ, कंपनीने विचार करूनच लावले असतील." कंपनीने लावलेत की मधल्या कुणी, ते कुणाला माहीत?

टायर जुने, म्हणून कॅराव्हॅन रिकामी ठेवली, सगळं सामान बोलेरोत घातलं आणि तीसच्या वेगाने चिऱ्यांचे ट्रक मोजतात त्या काट्यावर नेली. काटेवाल्याला आमचा उद्योग कळेना. "एकदाच मोजायचं ना?" दर मोजणीची वेगळी पावती फाडा म्हटल्यावर त्याने खुर्ची बाहेर आणून बसायचं ठरवलं.

आधी रिकामी, बोलेरोला जोडलेली, फक्त कॅराव्हॅनची चाकं काट्यावर: ९८० किलो. मग तिथेच सामान भरलं. गाद्या, भांडी, बॅटरी, पुढचा मांडव, पाण्याची साठ लिटरची टाकी काठोकाठ. पुन्हा चाकं काट्यावर: १२१०. मग बोलेरो सोडवून नुसती कॅराव्हॅन: १२९०. दोन्हींतला फरक ८० किलो, म्हणजे तेवढा भार जोडाच्या दांड्यावरून बोलेरोवर पडतो. एकूण वजनाच्या साधारण सहा टक्के. युरोपातले कॅराव्हॅनवाले पाच ते सात टक्के धरतात, तेव्हा हे बरं आहे. भार फारच कमी असेल तर मागची गाडी शेपटी हलवायला लागते.

शेवटी एकेक चाक. काट्याच्या कडेला सपाट जमीन होती म्हणून जमलं, उतार असता तर आकडा फसवा आला असता. डावं चाक ६४०, उजवं ५७०. काटा दहा-दहा किलोच्या पायरीनेच आकडा देतो, तरी एवढा फरक खोटा नाही. टाकी आणि बॅटरी दोन्ही डावीकडे आहेत.

आता टायर वाचू. १७५/७० आर १३, पुढे ८२ टी. ८२ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ४७५ किलो. दोन टायर मिळून ९५०. गाडी रिकामी असतानाच ९८०.

दादा पावत्या हातात घेऊन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चहा घेऊ."

१२ ऑक्टोबर

दसरा. जुन्या टायरना हार घालायला नको म्हणून वहिनीने बोलेरोच्या आरशाला घातला.

दुपारी बॅटरी डावीकडून उजवीकडे हलवली. तिचं वजन तीसेक किलो, त्यामुळे डावं चाक ६१० च्या आसपास आणि उजवं ६०० धरायला हरकत नाही. टाकी जागची हलवायची तर फरशी फोडावी लागेल. तूर्त राहू दे.

१५ ऑक्टोबर

मापाचा हिशेब. भार ६१० आहे म्हणून ६१५ चा टायर घ्यायचा नसतो. खड्ड्यात आणि वळणावर एका चाकावर अचानक किती येईल याचा नेम नाही, म्हणून टायरच्या ताकदीच्या नव्वद टक्क्यांच्या आतच राहायचं.

कारच्या टायरमध्ये शोधलं. १९५/६५ आर १५ वर बहुधा ९१ असतं, म्हणजे ६१५ किलो. बसत नाही. जीपगाड्यांचे रुंद टायर ७००-८०० पर्यंत जातात, पण ते आमच्या मडगार्डच्या आत मावत नाहीत. शिवाय कारच्या टायरची बाजू मऊ असते, प्रवाशांना धक्के लागू नयेत म्हणून. कॅराव्हॅनमध्ये चालताना माणूस बसतच नाही. तिथे बाजू ताठ हवी, नाहीतर उंच डबा वाऱ्यावर डुलतो.

अमेरिकेत ट्रेलरसाठी एसटी खुणेचे वेगळे टायर मिळतात. आपल्याकडच्या दुकानात तसले टायर नसतात, आणि शोधत बसायची गरजही नाही. छोटे टेम्पो ज्या एलटी, म्हणजे लाइट ट्रक, टायरवर भाज्या, मासे आणि चिरे वाहतात तेच आपल्या कामाचे. परदेशी टायरवर त्याच ठिकाणी सी लिहिलेलं असतं. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एस टेम्पोचा, १४५ आर १२ आमच्या गाडीला फारच लहान. १६५ आर १४ एलटी ८ पीआर पाहिला. बाजूवर ९७/९५. पहिला आकडा एकट्या चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. आमचं चाक एकटं, म्हणून ९७: ७३० किलो. ६१० म्हणजे त्याच्या चौऱ्याऐंशी टक्के झाले. पसंत.

१८५ आर १४ वर १०२, म्हणजे ८५० किलो. दादाचं मन तिकडे गेलं होतं: "मोठा तो मोठा." पण त्याची उंची साधारण ६५० मिलिमीटर, जुन्याची ५७५. चाकाचा मध्य सदतीस मिलिमीटरने वर जाणार. ॲक्सल दबलं की टायर मडगार्डला घासणार आणि जोडही वर उचलला जाणार. १६५ वाल्याने ही वाढ तेविसेक मिलिमीटरवर भागते. खाली पाटी ठेवून एका बाजूला जॅक लावून पाहिलं, वरची फट पुरेशी राहते.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, पण ८ पीआर याचा अर्थ आत आठ थर आहेत असा नाही. पूर्वी सुती थरांवरून ताकद मोजत, ती मोजणी नावापुरती राहिली आहे. दुकानदारही "आठ प्लाय आहे" म्हणून ठासून सांगतात. सांगू देत.

२१ ऑक्टोबर

डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी चाकाचा, प्रश्न टायरपेक्षा चिवट निघाला. बोल्टांचं वर्तुळ जुळलं की डिस्क बसली असं गॅरेजवाले समजतात. पण डिस्कलाही भाराची मर्यादा असते. कारच्या डिस्कवर सहाशे किलो टाकायचे आणि वर साठ पीएसआय हवा, हे मला पटेना. ट्रेलर बनवणाऱ्याकडून मागवल्या. आतल्या अंगाला ७५० किलो ठोकलेलं आहे. तीन मागवल्या. स्टेपनीही त्याच मापाची असणार, नाहीतर ती बाळगायची कशाला?

व्हॉल्व्ह धातूचे सांगितले. ओढून बसवायचे साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचे असतात, आणि आमच्या टायरवर कमाल हवाही ६५ च छापलेली आहे. काठावर कशाला राहा?

२६ ऑक्टोबर

जुने टायर दुकानात उतरवले. मी मुद्दाम थांबलो, आत बघायचं होतं.

डाव्याची बीड, म्हणजे डिस्कवर बसणारी कड, सुटली आणि टायर उलटा केला तर आतून काळी भुकटी सांडली. मूठभर सहज. बोटावर घेतली तर काजळीसारखी, पण थोडी रवाळ. आतल्या बाजूने गोलाकार वळ्या पडलेल्या, जणू कुणी रबराला चिमटे काढत गेलंय. कमी हवेवर जास्त भार वाहिला की बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतून स्वतःलाच खरवडते. ती ही भुकटी. बाहेरून नक्षी नवी, कडेच्या दोन्ही पट्ट्या किंचित जास्त झिजलेल्या, एवढंच. टायरवाले भाऊ, ज्यांनी आठवड्यापूर्वी "चालतील की" म्हटलं होतं, त्यांनी भुकटी बघून टायर स्वतःच बाजूला फेकला.

उजव्याच्या खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या. टायर हाताने वाकवला की उघडायच्या. त्या तारांपर्यंत पोचल्या की खारं पाणी आत, तारा गंजतात आणि एक दिवस वरची पट्टीच सोलून निघते. जुन्या डिस्कच्या बसण्याच्या कडेवर गंजाचे पापुद्रे होते. "हळूहळू हवा उतरते, पंक्चर सापडत नाही" ही तक्रार समुद्रकाठी इतकी असते, तिचं निम्मं उत्तर त्या कडेवर असतं.

नवे बसवले. घेताना आधी आयएसआयची खूण आणि तारीख पाहिली. दोन्हींवर २६२४. तिसरा २४२४ चा, तो स्टेपनीला. दुकानात पडून राहिलेला दोन वर्षांचा टायर थोडा स्वस्त देत होते, घेतला नाही. आमच्या टायरचं आयुष्य तारखेत मोजायचंय. दोन वर्षं आधीच खर्च झालेली का विकत घ्यायची?

नट गनने आवळायला दिले नाहीत. टॉर्क रेंच नेला होता, ट्रेलरवाल्याच्या कागदाप्रमाणे ११० न्यूटन मीटर, समोरासमोरचे. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा.

२७ ऑक्टोबर

हवा किती? दुकानात ६५ भरून दिली होती. तेवढी ७३० किलोसाठी. भार कमी आणि हवा पूर्ण असेल तर टायर दगडासारखा उडतो, मधली पट्टी झिजते आणि आतली कपाटं खिळखिळी होतात. भाराच्या प्रमाणात काढलं तर ६१० ला ५४ येते. सामान नेहमी वाढतंच, कमी कधी होत नाही, म्हणून ५८. दोन्हीकडे सारखी, जड बाजू धरून. सकाळी, गाडी हलायच्या आत, सावलीत.

आकडा मडगार्डच्या आतल्या अंगाला रंगाने लिहिला. पंपावरच्या पोराला "कितने डालू" विचारायची वेळ येऊ नये.

नायट्रोजनचं विचारलं काहींनी. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. गेज असू द्या खिशात, बाकी चालेल.

२४ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी उतरल्यावर धोपावे ते दाभोळ फेरीबोट. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि बोटीच्या लोखंडी फळीची धार पुढे येते. बोलेरोची पुढची चाकं चढली की जोड खाली जातो, आणि कॅराव्हॅनची चाकं त्या धारेवर तिरकी आली तर बाजू कापायची. बोटीवरचे दादा लोक जाणकार आहेत. "भरतीला या साहेब, सरळ चढवा." भरतीला गेलो. सरळ चढली.

परत आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुतली, आतल्या बाजूनेसुद्धा. साबण साधाच. टायर चकाचक करणारी तेलकट पॉलिश लावणार नाही, पेट्रोलियमवाली पॉलिश रबराला वाळवते.

१९ जानेवारी २०२५

कुंभार्ली घाटातून कोयनानगर. निघताना हवा ५८. घाट चढून वर थांबलो तेव्हा ६४. येताना उतरून पोफळीला पाहिली तर ६६, डिस्कला हात लावता येत नव्हता. उतारावर ट्रेलरचे ब्रेक तापतात, ड्रमची उष्णता डिस्कवाटे टायरमध्ये जाते. दादा गेज बघून लगेच हवा काढायला निघाला होता. गरम टायरमधली हवा काढायची नाही! आठ पीएसआय वाढणं म्हणजे आतली हवा तीस-पस्तीस अंशांनी तापलेली. गार झाल्यावर पुन्हा ५८ वरच येणार. आत्ता काढली असती तर उद्या सकाळी पन्नासवर आणि परवा काळ्या भुकटीवर.

गरम असताना दोन्हींतला फरक मात्र बघावा. एक ६६ आणि दुसरा ७४ असता तर एका बाजूचा ब्रेक धरून बसलाय असं समजलो असतो. दोन्ही सारखे होते.

१६ मार्च

शिमगा. पालखी वाडीत यायची म्हणून कॅराव्हॅन गडग्याच्या कडेला सरकवली. तिथे रचलेला चिरा अर्धा बाहेर आलेला. घासली. बाजूवर ओरखडा, नखाने चाचपला तर वरवरचा, दोऱ्यापर्यंत नाही. हवा धरून आहे. खडूने खूण करून ठेवली, फुगवटा येतो का ते बघायला. बाजूला भोक पडलं असतं तर पंक्चर काढून भागलं नसतं, नक्षीच्या भागातलंच पंक्चर आतून मशरूम, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी बूच, लावून पक्कं होतं.

व्हॉल्व्हवर बसवायचे हवेचे सेन्सर लावले होते. ॲल्युमिनियमची टोपी आणि पितळेचा व्हॉल्व्ह. खाऱ्या वाऱ्यात दोन धातूंचं जमलं नाही, एक टोपी चिकटून बसली. पक्कड लावून सोडवली. पुढच्या वेळी आट्यांना चिकट न होऊ देणारी पेस्ट लावायची.

१० एप्रिल

खडूची खूण तशीच. फुगवटा नाही.

२४ मे

पाऊस थांबतच नाही. मान्सून अजून जाहीर व्हायचाय, तरी चार दिवस झोडपतोय. कॅराव्हॅन जूनच्या पहिल्या आठवड्यात बांधायची ठरली होती, ती आजच बांधली. (पुढची नोंद: दुसऱ्याच दिवशी, २५ मेला, मान्सून कोकणात आल्याचं जाहीर झालं.)

चेसिसला नाही, ॲक्सलखाली स्टँड लावले. स्टँडखाली चिरे आणि चिऱ्यावर फळी, नाहीतर पावसात माती मऊ होऊन एक बाजू खचते. चाकं काढली. डिस्कसकट टायर आडवे एकावर एक ठेवायचे, डिस्कशिवाय नुसते असते तर उभे. पडवीच्या मागच्या खोलीत ठेवले. पुढच्या खोलीत इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर आहे, विजेच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो, तिथे नकोत. खोलीला कवडसा येतो तिथे झाप टेकवला. ताडपत्री गुंडाळली नाही, आत घाम धरते.

ॲक्सलला आणि चेसिसला गंज लागू नये म्हणून दादाने जळकं ऑइल फासलं. आपल्याकडे ते सगळीकडेच फासतात. पण चाकं काढल्यावरच फासू दिलं. रबराला तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं.

चाकं काढता आली नसती तर फळीवर उभी ठेवून महिन्यातून एकदा पाव फेरा पुढे सरकवली असती. सीझनमध्ये उभी असते तेव्हा तेच करतो. महिन्याला एक-दोन पीएसआय आपसूक उतरतात, तेही तेव्हाच भरून घ्यायचे.

८ जून

शेजारचे काका होडीचा ट्रेलर दाखवायला घेऊन आले. लहान फायबर होडी, छोट्या हत्तीचे टायर. टायर बरे आहेत, २०२२ चे. पण चाक उचलून फिरवलं तर खरखर. चाकाच्या मधला हब उघडला: ग्रीस दुधाळ झालेलं, बेअरिंगच्या कोनवर तपकिरी डाग.

काका गावातून ट्रेलर ओढत आणतात आणि थेट पाण्यात घालतात. धावून तापलेला हब समुद्रात बुडाला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या रिटेनरमधून, म्हणजे हबच्या रबरी सीलमधून, खारं पाणी ओढून घेते. अर्धा तास उभा ठेवून गार होऊ द्यायचा, मग पाण्यात. वर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा.

"अर्धा तास? तोवर भरती जाते रे!"

"मग काका, अर्धा तास आधी निघा."

हसले, पण बेअरिंग बदलायला तयार झाले. दोन्ही बाजूंची बेअरिंग, रिटेनर आणि पाण्यात टिकणारं ग्रीस सांगून ठेवलं आहे. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद आहे, होडी नारळी पौर्णिमेलाच पाण्यात जाणार. त्याआधी काम उरकायचं.